प्रति: फायबरच्या होडीच्या भेगेवर थेट मॅट (काचतंतूंची चटई) मारण्याबद्दल

‘भेगेवर दोन थर मॅट मारा की झालं’ हा इथे वर कुणीतरी दिलेला सल्ला पटला नाही. हिडकल धरणाच्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या होडीचा तळ वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, आणि ओलीवर रेझिन (मॅट चिकटवणारं, नंतर घट्ट होणारं द्रव) धरत नाही. हातोडीच्या दांड्याने तळ ठोकत जा. भद्द आवाज येईल तिथे थर सुटलेत. ग्राइंडरने भेगेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारा पट लांब उतार काढा, म्हणजे 5 मिमी जाडीला 6 सेंमी. मग पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून सुकू द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम काढूच नये.

आणखी एक, जे इथे कुणीच सांगितलं नाही: कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो, स्फोटही होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळा, मगच हार्डनर, किलोला 10 ते 20 मिली. कडक उन्हात कमीच. एका वेळी अर्धा किलोच कालवा, नाहीतर डब्यातच तापून घट्ट होतं. गॉगल हवाच, हार्डनरच्या थेंबाने डोळा जाऊ शकतो.