१९४० चा ड्युरँड अंतिम सामना: फलकावर घ्यावा का?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. बेळगावात आमच्या मंडळातर्फे शाळकरी मुलांची फुटबॉल स्पर्धा होणार असून मैदानालगत भारतीय फुटबॉलच्या इतिहासाचा एक मराठी फलक लावायचा आहे. १९११ साली कोलकात्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीला २-१ असे हरवून आयएफए (इंडियन फुटबॉल असोसिएशन) शील्ड ही स्पर्धा जिंकली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. फलकावर जागा मात्र एकाच सामन्यापुरती आहे आणि काही सभासद १९४० च्या ड्युरँड अंतिम सामन्याचा आग्रह धरत आहेत. त्याचे महत्त्व जाणकारांनी सांगावे.

कॅम्पातला हाफबॅक:
सभासदांचा आग्रह रास्त आहे. ब्रिटिश हिंदुस्थानचे परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरँड यांनी १८८८ साली सुरू केलेली ही स्पर्धा मुळात लष्कराची होती, त्यामुळे पन्नासहून अधिक वर्षे हा चषक गोऱ्या पलटणींकडेच राहिला. १९४० साली स्पर्धा सिमल्याहून दिल्लीला आली आणि १२ डिसेंबरला आयर्विन अ‍ॅम्फिथिएटरमध्ये, म्हणजे आजच्या ध्यानचंद स्टेडियमच्या जागी, कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून तो प्रथमच भारतीय संघाकडे आणला. हाफिज रशीद आणि साबू यांनी गोल केले. मला त्याहून मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की त्या दिवशी शिट्टी हरनाम सिंग यांच्या हाती होती. ड्युरँडच्या अंतिम सामन्याला भारतीय पंच लाभण्याची ती पहिलीच वेळ. पलटणीच्या स्पर्धेत, पलटणीच्या संघाविरुद्ध, निर्णय देणारा माणूसही आपला होता, हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या गावातील मुलांना निश्चितच समजेल.

खानापूरकर:
माहिती उत्तम आहे, दादा. परंतु तेव्हा महायुद्ध सुरू झाले होते आणि अनेक ब्रिटिश पलटणी आघाडीवर होत्या. त्यामुळे या विजयाचे वजन कमी होत नाही का?

कॅम्पातला हाफबॅक:
मला तसे वाटत नाही. समोर लढला तो नियमित ब्रिटिश रेजिमेंटचाच संघ होता, आणि मोहमेडन काही अचानक उगवलेला संघ नव्हता. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्यांनी कलकत्ता लीग जिंकली होती आणि १९३६ साली आयएफए शील्डही पटकावली होती. मोहन बागानचे १९११ मधील खेळाडू एक अपवाद वगळता अनवाणी खेळले. मोहमेडनने १९३० च्या दशकात ओल्या मैदानावर बूट घालून खेळण्याचा परिपाठ पाडला. जुलैत आपल्याकडे बुटाच्या तळाला चिकटलेला तांबड्या मातीचा थर काडीने खरवडून पुन्हा मैदानात उतरणाऱ्या मुलांना त्या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

निपाणीकर:
मजकुरात धावफलकाप्रमाणे मांडणी नको. दिनांक, दिल्ली, दोन्ही संघांची पूर्ण नावे, २-१ हा निकाल आणि पंच हरनाम सिंग यांचे नाव एवढे ठळक अक्षरांत घ्यावे. १९११ चा उल्लेख खाली एका ओळीत येऊ शकेल, म्हणजे कोणाचीच तक्रार राहणार नाही.