कोलाजमध्ये गंजकं लोखंड आणि जुना कागद शेजारी लावायचाय, पावसाळ्यात टिकेल कसं?

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्हरांड्यासाठी चार बाय तीन फुटांचं कोलाज करतेय. सगळं सामान लोकांनी टाकून दिलेलं. मालीम जेटीवरची फाटकी जाळी, पाडलेल्या घरांची मंगळुरी कौलं, जुन्या खिडक्यांतली शिंपल्यांची तावदानं, गंजके कडी-कोयंडे, दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळल्यावर रस्त्याकडेला उरलेली तार. मधोमध जुन्या पंचांगाची पानं. चतुर्थीपूर्वी द्यायचंय, म्हणजे चिकटवणं-वाळवणं सगळं भर पावसात.

काही गोष्टी जमल्यात. किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडात मीठ असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि वर पांढरे डाग येतात. म्हणून लाकूड गोड्या पाण्यात भिजत घालून पाणी बदलत राहते. नायलॉनच्या जाळीवर गोंद नीट धरत नाही, ती सरळ शिवून टाकते. पाठीला मरीन प्लाय घेतलाय, एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) पाणी पिऊन फुगतं.

घोडं अडलंय ते लोखंड आणि कागदापाशी. लाकूडकामाचा पांढरा गोंद पाण्यातला. तो ओला असेपर्यंत लोखंडाचा गंज सुटतो आणि शेजारच्या कागदात तांबूस कडं पसरत जातं. आपल्याकडच्या दमट हवेत गोंद वाळायलाच किती वेळ लागतो! टॅनिक ॲसिड लावलं तर गंज थांबतो, पण रंग निळसर काळा होतो. मला तो तांबडा गंजच हवाय, चिऱ्याच्या भिंतीशी तोच जुळतो.

पॅरालॉइड बी-७२ ही राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून वस्तुसंग्रहालयांत धातूवर लावतात, आणि नको झाल्यास काढताही येते, म्हणून तिच्याकडे मन ओढतंय. पण ॲसिटोन झटकन उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेत त्यावर बाष्प धरतं आणि थर पांढुरका होतो. पावसाळ्यात हे कुणी टाळलंय का? वस्तू आधी कोमट करून घ्यावी की सावकाश उडणारं द्रावक मिसळावं?

‘पानांची झेरॉक्स लाव’ असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ते मला पटत नाही. एका पानावर श्रावणातल्या तिथीसमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘कपिला व्याली, पाडी’ असं लिहिलंय, बाजूला हळदीचं बोट उमटलंय. हे पान मुळातलंच लागायला हवं. कागद हलका, लगद्याचा, पिवळा पडत जाणारच. त्याखाली आम्लमुक्त कागदाचा थर दिला तर फरक पडतो का, की वरून काचच बसवावी?

पिकासोने १९१२ साली कॅनव्हासवर मेणकापड चिकटवून भोवती दोरखंड लावला, ते चित्र पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलंय. आमच्या व्हरांड्यात पावसाची झड येते, आणि मुलं हात लावणारच. लावावाच, त्यासाठीच करतेय.

पाठीमागे बुरशी धरू नये म्हणून भिंतीपासून बूच लावून अंतर ठेवणार आहे. पाठीला वॉर्निश करावं की तशीच ठेवावी?

कोकणात, मुंबईत किंवा आणखी कुठे समुद्राकाठी असं काम टिकवलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं. पॅरालॉइड थोड्या प्रमाणात कुठे मिळतं तेही सांगा, पणजी-म्हापशात मिळाल्यास उत्तम.