अनुभव धागा: पीएचडीला जागा कशी मिळाली आणि पैसे कुठून आले?

भाचीची केमिस्ट्रीतली एमएस्सी संपत आलीय. "मामा, पेट देऊ की नेट?" म्हणून माझ्या मागं लागलीय. (पेट म्हणजे विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा, नेट म्हणजे देशपातळीवरची पात्रता परीक्षा.) माझी पीएचडी 2009 ची, त्या काळातलं सांगून तिला काय उपयोग? शिवाजी विद्यापीठात केलेल्यांनी, करत असलेल्यांनी, बाहेर गेलेल्यांनी लिहा. पैशाचं स्पष्ट लिहा, लाजू नका.

टेस्टट्यूब:
जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) निघाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. वाटलं, आता गाईडच फोन करतील. कसलं काय! प्रोफेसरकडं एका वेळी आठ विद्यार्थी, असोसिएटकडं सहा, असिस्टंटकडं चार. भरले की भरले. चौघांनी चहा पाजून परत पाठवलं. पाचव्या सरांनी टेबलावरचा जाडजूड प्रबंध दाखवला, "ह्या पोरीचा व्हायवा झाला की तुझी जागा." (व्हायवा म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा.) त्या पोरीला मी ओळखतही नव्हतो, पण चार महिने तिच्या व्हायवाची तिच्यापेक्षा जास्त काळजी मलाच. त्या दिवशी समोसे आणायला मीच गेलो.
तेव्हा निकालाची वाट बघत बसू नका. विभागात जाऊन कोण कधी सबमिट करतंय ते सीनियरना विचारा. पैशाचं म्हणाल तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000, दोन वर्षांनी मूल्यमापन झालं की 42,000, वर घरभाडं. आणि 2024 पासून जेआरएफ हुकली तरी नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेश मिळू शकतो: 70 टक्के नेट, 30 टक्के मुलाखत. ते गुण वर्षभरच चालतात, एवढं लक्षात ठेवा.

राधानगरी रोड:
मराठी विषय, नेट नाही. राज्य सरकारच्या संस्था पीएचडीला फेलोशिप देतात: अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती. त्यातल्या एकीची फेलोशिप मला मिळाली, नाव घेत नाही. आधी पीएचडीची नोंदणी, मग फेलोशिपचा अर्ज, हा क्रम.
फेलोशिप महिन्याच्या महिन्याला येते हा गैरसमज मात्र काढून टाका. माझा पहिला हप्ता नऊ महिन्यांनी आला. तोवर मेसचे पैसे वडिलांच्या दूध बिलातून. ते म्हणायचे, "म्हस दहा दिवसाला पगार देती, तुझं सरकार कवा देणार?" प्रगती अहवाल, हजेरी, गाईडची सही, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स ठेवा. एक कागद राहिला की फाईल तिथंच बसते. पैसे आले ते एकदम आले, त्यातून पहिल्यांदा उधारी फेडली.

गारठलेला कोल्हापुरी:
फिजिक्स, थिन फिल्म, सध्या दक्षिण कोरियात. आपल्याकडचे बरेच सीनियर इकडं असल्यामुळं वाट माहीत होती. चाळीस मेल टाकले, उत्तरं तीन. "रिस्पेक्टेड सर" म्हणून एकच मजकूर सगळ्यांना पाठवला होता, तो कोण वाचणार? नंतर एकेकाचा पेपर वाचून, माझ्या मोजमापांचा त्याच्याशी काय संबंध ते चार ओळींत लिहिलं, तेव्हा काम झालं. मुलाखत तिकडच्या दहाला, म्हणजे आपल्या सकाळी साडेसहाला. मागं आईची भांडी वाजत होती. इथं पैसे बहुतेक प्रोफेसरच्या प्रकल्पातून येतात, म्हणून प्रकल्प किती वर्षं उरलाय ते आधीच विचारा. मी विचारलं नव्हतं.

सीएचबी:
तासिका तत्त्वावर शिकवत पार्टटाइम केली. फेलोशिप शून्य. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत, मग तेवढ्यातच प्रकरणं लिहून काढली.

धागाकर्ता:
भाचीनं सगळं वाचलं. तिचा एकच प्रश्न आहे: व्हायवा साधारण कुठल्या महिन्यात जास्त असतात?