प्रतिसाद : मावा मेला, तरी विषाणू का पसरला?

बटाट्यावरचा मावा (रस शोषणारी बारीक कीड) दोन फवारण्यांनी मेला, तरी विषाणूचा रोग वाढला, असा प्रश्न आहे. आधी पाने बघा. खालची पाने वर गुंडाळून कडक, चामड्यासारखी झाली असतील तर पाने गुंडाळणारा (लीफ रोल) विषाणू. तो घ्यायला-सोडायला माव्याला तास लागतात, म्हणून आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारे) औषध उपयोगी पडते; मावा त्याआधीच मरतो. पाने चुरगळलेली, चट्ट्यापट्ट्याची असतील तर बहुधा ‘वाय’ नावाचा विषाणू (पीव्हीवाय). तो माव्याच्या सोंडेवरून काही सेकंदांत झाडात जातो. मावा मरण्याआधीच काम झालेले असते. तिथे रोगट झाड कंदासकट लवकर उपटणे हा मुख्य उपाय. खरिपातला घरचा बारीक बटाटा बियाण्याला ठेवत असाल, तर ते कृपया थांबवा. बारीक कंद बऱ्याचदा रोगट झाडाचेच असतात, आणि त्यांतून विषाणू पुढच्या पिकात जातो!