एका रिसीव्हरला तीन हाय-रेझोल्यूशन प्लेयर कसे जोडावेत?

प्रश्न: खाडीकाठ (आंजर्ले)

नमस्कार. माझे घर दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे आहे. माझे मोठे मेहुणे मस्कतमधील नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा स्वतःच्या घरात जागा नसल्यामुळे त्यांनी आपला संगीतसंच आणि सुमारे नव्वद डिस्क माझ्या माजघरात आणून ठेवल्या. त्यात एक एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) प्लेयर आणि एक डीव्हीडी-ऑडिओ प्लेयर आहे; दोन्ही प्रकारच्या डिस्कवर साध्या सीडीपेक्षा बारकाईने ध्वनी साठवलेला असतो. दोन्ही जुने असून दोघांनाही एचडीएमआय नाही. मागील बाजूस प्रत्येकी सहा आरसीए सॉकेट (ॲनालॉग आवाजाच्या गोल पिनांचे, पाच स्पीकर आणि सबवूफर यांसाठी एकेक) आणि एक ऑप्टिकल आउटपुट आहे. माझ्याकडे आधीपासून ब्लू-रे प्लेयर, पाच स्पीकर, सबवूफर (खर्जाचा स्पीकर) आणि एक रिसीव्हर (सर्व स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) आहे. रिसीव्हरला एचडीएमआयची चार आणि ऑप्टिकलची दोन इनपुट आहेत, परंतु सहा चॅनलचे ॲनालॉग इनपुट एकच आहे आणि अडचण तेथेच सुरू होते.

एसएसीडी प्लेयर मी प्रथम ऑप्टिकल केबलने जोडून पाहिला. काही डिस्कचा आवाज आला, तोही केवळ पुढच्या दोन स्पीकरमधून. काही डिस्क लावल्यावर मात्र काहीच ऐकू आले नाही. नंतर सहा तारांनी जोडल्यावर सर्व स्पीकर बोलू लागले, पण खर्ज एकदम पातळ झाला आणि मागील स्पीकरमधून सतत बारीक घूं असा आवाज येऊ लागला. दोन्ही प्लेयरच्या तारा वाय आकाराच्या पिनांनी एकत्र करून त्या एकाच इनपुटला द्याव्यात का, की यासाठी दुसरा काही उपाय आहे? दर वेळी टेबल पुढे ओढून सहा पिना बदलणे या वयात जमत नाही.

उत्तर: भगवती बंदर (रत्नागिरी)

आपण दोष केबलमध्ये शोधत आहात, पण तो केबलमध्ये नाही. एसएसीडी हा प्रकार सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये बाजारात आणला. त्यात ध्वनी एका बिटच्या, सेकंदाला २८,२२,४०० नमुने घेणाऱ्या प्रवाहाच्या रूपात साठवलेला असतो. साध्या सीडीत हेच नमुने १६ बिटचे आणि सेकंदाला ४४,१०० असतात. नक्कल होऊ नये म्हणून हा मूळ प्रवाह ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल मार्गाने बाहेर सोडण्याची परवानगीच प्लेयरना दिली गेली नाही. ज्या डिस्कचा आवाज आपल्याला आला, त्या हायब्रिड असणार, म्हणजे त्यांत सीडीचाही एक थर असतो आणि आपण ऐकलात तो तोच थर. ज्या डिस्क मुक्या राहिल्या, त्यांत बहुधा तो थर नसावा.

डीव्हीडी-ऑडिओची कथा थोडी वेगळी आहे. त्यात दोन चॅनलसाठी २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत, तर सहा चॅनलसाठी ९६ किलोहर्ट्झपर्यंत ध्वनी मावतो. ऑप्टिकल मार्ग मुळात दोन चॅनलच्या असंपीडित ध्वनीसाठी आखलेला असल्यामुळे सहा चॅनल त्यातून जातात ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या दाबलेल्या रूपातच. तो आवाज वाईट नसतो, पण त्यासाठी डीव्हीडी-ऑडिओ प्लेयर जपून ठेवण्याचे कारण उरत नाही. त्या काळातील बहुतेक बहुचॅनल प्लेयरना सहा ॲनालॉग सॉकेट असत ती याचसाठी, आणि रिसीव्हर बनवणारे मात्र बहुधा अशा इनपुटचा एकच संच देत, कारण कोणाकडे असे दोन प्लेयर असतील हे त्यांनी गृहीतच धरले नाही.

एचडीएमआयने हा पेच सोडवला. २००४ च्या १.१ आवृत्तीत डीव्हीडी-ऑडिओची आणि २००५ च्या १.२ आवृत्तीत एसएसीडीची सोय आली. म्हणून माझे मत असे की, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ हे दोन्ही वाचणारा एखादा वापरलेला युनिव्हर्सल ब्लू-रे प्लेयर मुंबईहून मिळवावा आणि एकाच एचडीएमआय केबलवर सर्व काही ऐकावे. घेण्यापूर्वी त्याच्या दर्शनी भागावरील चिन्हे अवश्य पाहावीत, कारण साधे ब्लू-रे प्लेयर सहसा एसएसीडी वाचत नाहीत. आपला रिसीव्हर डीएसडी (एसएसीडीचा मूळ एका बिटचा प्रवाह) स्वीकारत नसेल, तर प्लेयरच्या मेनूत एसएसीडीचे आउटपुट पीसीएम (सीडीसारखे अनेक बिटचे नमुने) ठेवले की काम होते.

उत्तर: देवगडचा चाकरमानी (सध्या डोंबिवली)

वरील उत्तरातील तांत्रिक भाग मला पूर्ण मान्य आहे, परंतु चालू स्थितीतील दोन चांगले प्लेयर बाजूला ठेवून तिसरा विकत घ्यावा, हा सल्ला मला पटत नाही. असे युनिव्हर्सल प्लेयर आता फारसे बनत नाहीत आणि वापरलेल्यांचे भाव डोळे पांढरे करणारे असतात. त्याऐवजी सहा चॅनलचा हाताने फिरवायचा सिलेक्टर घ्यावा किंवा एखाद्या जाणकार कारागिराकडून करून घ्यावा. दोन प्लेयर आत, एक संच बाहेर, मध्ये सहा जोडांचा फिरता स्विच; त्याला वीज लागत नाही. मी तो आठ वर्षे वापरला आहे. फक्त स्विच फिरवण्यापूर्वी रिसीव्हरचा आवाज पूर्ण खाली आणावा, नाहीतर ठप्प असा आवाज होऊन सबवूफरला धक्का बसतो.

वाय पिनांचा विचार मात्र कृपया सोडून द्यावा. एका आउटपुटमधून दोन रिसीव्हरना आवाज देण्यासाठी ती पिन ठीक आहे, पण दोन आउटपुट एकमेकांत जोडली की जो प्लेयर वाजत नाही तो वाजणाऱ्याच्या पायात पाय घालतो. दोघांचा आउटपुट रोध सारखा असेल तर व्होल्टेज निम्मे होते, म्हणजे पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. शिवाय प्रत्येकाच्या आउटपुट सर्किटवर नको तो भार पडतो. काही प्लेयरमध्ये थांबल्यावर आउटपुट जमिनीला (ग्राउंडला) जोडणारे म्यूट सर्किट असते, आणि तसे असेल तर दुसऱ्याचाही आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

उत्तर: राजकोट किनारा (मालवण)

स्विच डोंबिवलीत आठ वर्षे टिकला असेल, पण समुद्रापासून दोनशे मीटरवर त्याचे आयुष्य वेगळे असते. माझ्याकडील असाच स्विच दुसऱ्या पावसाळ्यानंतर सेंटर चॅनल गिळू लागला; गायकाचा आवाजच नाहीसा व्हायचा आणि मागची वाद्ये तेवढी वाजत राहायची. खारी हवा पितळी पिनांवर हिरवट थर चढवते आणि स्विचच्या आतील पट्ट्या काळ्या पडतात. स्विच घेतलाच, तर त्याचे झाकण उघडता येईल असे पाहावे, दोन महिन्यांनी कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि आरसीए पिना जागच्या जागी एकदा फिरवून घ्याव्यात. जाता जाता एक सांगतो: हायब्रिड डिस्कचा सीडी थर वाचला जातो पण एसएसीडी थर अडखळतो, असे झाले तर लगेच डिस्कला दोष देऊ नये. दोन्ही थरांसाठी लेसरची तरंगलांबी वेगळी असते, आणि दमटपणाने धुरकटलेले भिंग बहुधा एसएसीडीच्या बारीक खुणांच्या थराच्या वेळीच प्रथम हार मानते.

आता त्या घूं आवाजाविषयी. तो सहा तारा जोडल्यावरच आला, ऑप्टिकलवर नव्हता, ही आपल्या प्रश्नातील सर्वांत उपयोगी नोंद आहे. ऑप्टिकल केबलमधून केवळ प्रकाश जातो, तर आरसीएच्या बाह्य कवचातून दोन यंत्रांच्या जमिनी (ग्राउंड) एकमेकींना जोडल्या जातात. त्या दोन जमिनींत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतील आवाज स्पीकरमध्ये शिरतो. प्लेयर आणि रिसीव्हर भिंतीतील वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर प्रथम ते एकाच पट्टीवर (एक्स्टेंशन बोर्डवर) आणावेत. त्यानंतरही आवाज राहिला, तर टीव्हीच्या डिश अँटेनाची केबल सेट-टॉप बॉक्समधून सोडून पाहावी. छपरावरील डिश लोखंडी खांबाद्वारे वेगळ्याच ठिकाणी जमिनीला टेकलेली असते, आणि तो मार्ग टीव्हीच्या एचडीएमआयमधून थेट रिसीव्हरपर्यंत येतो.

आपल्याकडे यात जांभा भर घालतो. पावसाळ्यात अर्थिंग उत्तम चालते, पण एप्रिल-मे महिन्यांत जांभ्याची जमीन कोरडी पडते, रोध वाढतो आणि जो संच श्रावणात शांत होता तो वैशाखात कुरकुरू लागतो. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे. गुणगुण थांबते म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नये. रिसीव्हरच्या आत बिघाड झाला तर वीज त्याच्या पत्र्यावर येऊन थांबेल आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

खाडीकाठ (आंजर्ले)

सर्वांचे आभार. प्लेयर माजघराच्या सॉकेटवर आणि रिसीव्हर ओटीच्या बाजूच्या सॉकेटवर होता. दोन्ही एकाच पट्टीवर आणल्यावर आवाज निम्म्यावर आला आणि डिशची केबल सोडताच पूर्ण थांबला. खर्जाचे मात्र कोणी सांगितले नाही.

उत्तर: भगवती बंदर (रत्नागिरी)

खर्जाचे कारण ॲनालॉग इनपुटच्या स्वभावातच आहे. बहुतेक रिसीव्हरमध्ये हे इनपुट थेट व्हॉल्यूम नियंत्रणाकडे जाते. स्पीकर लहान की मोठा, किती हर्ट्झखालील आवाज सबवूफरकडे वळवायचा, कोणता स्पीकर किती अंतरावर आहे, खोलीनुसार आवाजाची दुरुस्ती, हे आपण मेनूत भरलेले सारे त्या वेळी बाजूला राहते. त्यामुळे आपल्या लहान स्पीकरकडे पूर्ण खर्ज जातो, जो त्यांना पेलत नाही, आणि सबवूफरकडे फक्त डिस्कवर स्वतंत्र भरलेला सहावा चॅनल पोहोचतो. संगीताच्या अनेक डिस्कवर तो चॅनल जवळजवळ रिकामा असतो.

यावर उपाय प्लेयरमध्येच शोधावा लागतो. दोन्ही प्लेयरच्या मेनूत स्पीकरचा आकार 'स्मॉल' निवडावा. काही एसएसीडी प्लेयर ही निवड एसएसीडी वाजवताना मानत नाहीत; तसे असेल तर त्या प्लेयरपुरता खर्ज पातळच राहील. सबवूफरची पातळीही तपासावी, कारण सहावा चॅनल १० डेसिबल वाढवून ऐकायचा असतो आणि ही वाढ प्लेयरने करायची की रिसीव्हरने, याबाबत यंत्रायंत्रांत एकवाक्यता नाही. काही रिसीव्हरमध्ये याच इनपुटसाठी सबवूफरची वेगळी पातळी ठेवता येते. मोजमाप करताना रिसीव्हरचा चाचणी-आवाज वापरू नये, कारण तो या मार्गाने येतच नाही. प्लेयरचा चाचणी-आवाज लावून, बसण्याच्या जागी मोबाइलवरील ध्वनिमापक धरून सर्व स्पीकर ७५ डेसिबलवर आणावेत. अंतराची सोय प्लेयरमध्ये नसेल, तर स्पीकरच हलवावेत. एक मीटर जवळ असलेल्या स्पीकरचा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद आधी पोहोचतो.

एचडीएमआयने पीसीएम आणल्यास हे सर्व रिसीव्हर स्वतः करतो. माझा आग्रह त्यासाठी होता, नवे यंत्र घेण्याच्या हौसेपोटी नव्हे.

उत्तर: देवगडचा चाकरमानी (सध्या डोंबिवली)

हे मला मान्य करावे लागेल. माझे पुढचे स्पीकर मोठे आहेत, त्यामुळे मला ही उणीव कधी जाणवली नाही. तरीही आधी डिस्क मोजाव्यात असे सुचवतो. नव्वदपैकी डीव्हीडी-ऑडिओ किती आणि एसएसीडी किती?

खाडीकाठ (आंजर्ले)

काल रात्री मोजल्या. एसएसीडी ७१ निघाल्या, डीव्हीडी-ऑडिओ १४ आणि उरलेल्या साध्या सीडी. चौदापैकी अकरा डिस्कवर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचाही भाग आहे, म्हणजे त्या माझ्या सध्याच्या ब्लू-रे प्लेयरवर एचडीएमआयने लागतात. दाबलेल्या रूपात का होईना, सहाही स्पीकर चालतात. तेव्हा एकमेव ॲनालॉग इनपुट कायमचे एसएसीडी प्लेयरला दिले आहे. त्याच्या मेनूत 'स्मॉल' निवडल्यावर एसएसीडीवरही खर्ज परत आला, हे माझे नशीब. डीव्हीडी-ऑडिओ प्लेयर ऑप्टिकलवर ठेवला आहे आणि उरलेल्या तीन डिस्क ऐकायच्या असतील, तेव्हा भाच्याला टेबल ओढायला बोलावतो.

डिशच्या खांबाची तार वायरमनकडून घराच्या अर्थिंगलाच जोडून घेतली, त्यामुळे केबल परत लावूनही गुणगुण आलेली नाही. वळीव सुरू होण्यापूर्वी खड्ड्यात कोळसा नव्याने भरणार आहे.

उत्तर: राजकोट किनारा (मालवण)

उत्तम. विजा चमकू लागल्या की पट्टीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही.