मदत हवी आहे: इंजिनात आगीचा इशारा आला तर उतरायचं कुठे?

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेतल्या मुलांना विमानाबद्दल सांगायचंय, एका ठिकाणी अडलोय. एअरबस ए३२० मध्ये उडताना इंजिनाच्या आगीचा इशारा आला की थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे, इंजिन मास्टर (इंजिन चालू-बंद करायचा स्विच) बंद, लाल फायर बटण दाबायचं, १० सेकंदांनी आग विझवणाऱ्या द्रव्याची पहिली बाटली सोडायची. त्यानंतर ३० सेकंदांनीही इशारा राहिला तर दुसरी. एवढं पक्कं कळलंय. यूट्यूब पालथं घातलं, पण सगळे इथेच थांबतात, आणि मुलं नेमकं पुढचंच विचारणार! इंदूरहून उडाल्यावर थोड्याच वेळात असं झालं आणि पहिल्याच बाटलीने इशाऱ्याचा दिवा विझला, तर मागे फिरायचं की भोपाळ गाठायचं? अंतर, हवामान, धावपट्टी, विमानाचं वजन यांत कॅप्टन आधी काय बघतात? कुणी वैमानिक किंवा एटीसीतले (हवाई वाहतूक नियंत्रणातले) असाल तर सांगाल का?