एनएच ३५ मशीन घालून घरी जोडलेलं मनगटी घड्याळ: काटे घासतात, तारीख चुकते

प्रश्न: सेइको एनएच ३५ मशीन, २८.५ मिमी डायल, सफायर काचेची केस. मिनिटकाटा तासकाट्याला घासतो, तारीख पहाटे तीनला बदलते. चावीही (बाजूची फिरवायची घुंडी) केसपासून १ मिमी बाहेर राहते. काय चुकतंय?

उत्तर १: तारखेचं सोपं आहे. तिन्ही काटे काढा, चावी शेवटच्या टप्प्यावर ओढून पुढे फिरवा. तारीख पूर्ण पलटली की थांबा आणि तास-मिनिट दोन्ही काटे बरोबर १२ वर बसवा. तास, मिनिट, सेकंद काट्यांची भोकं अनुक्रमे १.५०, ०.९० आणि ०.२० मिमीच हवीत. दाबताना घड्याळ डोळ्यांच्या रेषेत धरून बाजूने बघा. दोन काट्यांमधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. सेकंदकाटा खरा छळवादी. तिरका दाबलात तर आस वाकते.

उत्तर २: चावी बाहेर राहते म्हणजे तिला मशीनशी जोडणारा दांडा लांब आहे. एकदम १ मिमी कापू नका! ०.७ कापा, उरलेलं कानशीने, दर वेळी लावून बघत. आखूड झाला की नवाच घ्यावा लागतो. चावी दांड्यावर पक्की करायला लॉकटाइट (आट्यांचा गोंद) अगदी शेवटी, टाचणीच्या टोकाएवढं.

उत्तर ३: डायल कोरीच ठेवा. नामांकित कंपनीचं चिन्ह छापलं की ती नक्कलच.

प्रश्नकर्ता: काटे समांतर केले, घासणं थांबलं. आता कानशी.